डिस्क बदलण्याआधी केबल बदलून पाहा

संपादक महोदय,

घरगुती स्टोरेज सर्व्हरची ओळख करून देणारा आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतला लेख चांगला होता. फक्त त्यातला एक सल्ला पटला नाही : एक्स्टर्नल डिस्क मधूनमधून गायब होत असेल तर ती गेली असे समजून नवी घ्यावी. नवी डिस्क त्याच केबलला, त्याच पोर्टला लावली की चार दिवसांत तीही गायब व्हायला लागते. डोळ्यांसमोर पडते ती डिस्क, पण दोष बऱ्याचदा वीजपुरवठ्यात, केबलमध्ये किंवा केसिंगमधल्या त्या छोट्या ब्रिज चिपमध्ये असतो, जी डिस्कची साटा भाषा यूएसबीत बदलते.

सुरुवात लॉगपासून, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदींपासून करावी. लिनक्सवर ‘डीमेसेज -टी’ हा आदेश वेळेसकट नोंदी दाखवतो. (आदेश इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत करावेत; फक्त या पहिल्या आदेशात, dmesg -T मध्ये, टी कॅपिटल हवा.) डिस्क गेली त्या मिनिटाच्या ओळी पाहाव्यात. ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ आणि दोन-तीन सेकंदांत तीच डिस्क नव्या क्रमांकाने हजर, असे दिसले तर वीज कमी पडते आहे किंवा कनेक्टर सैल आहे. ‘रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’ ही ओळ पुन्हा पुन्हा येत असेल आणि आजूबाजूला ‘यूएएस’ची (डिस्कशी बोलण्याच्या एका वेगवान पद्धतीची, तिच्याबद्दल पुढे) तक्रार असेल, तर ब्रिज चिप किंवा केबल. ‘मीडियम एरर’ येऊन दर वेळी तोच सेक्टर (डिस्कवरचा साठवणीचा छोटा तुकडा) क्रमांक दिसत असेल, तेव्हा कुठे डिस्कवर संशय घ्यावा.

सर्वाधिक घोळ विजेचा असतो. मानकाप्रमाणे यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. अडीच इंची डिस्क चकत्या फिरवायला सुरुवात करते त्या क्षणी एक अँपिअरच्या आसपास ओढते. एकदा फिरायला लागली की भागते, म्हणूनच ‘दिवसभर नीट चालते, झोपेतून उठवली की जाते’ हे लक्षण दिसते. घरगुती सर्व्हर म्हणून अनेक जण वापरतात त्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डावर चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे दोन डिस्क लावल्या की हिशेब चुकलाच. पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर दिला तर पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात, ५ अँपिअरचा दिला तर १.६ अँपिअर. पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवून पाहावे. उत्तर शून्य असेल तर ठीक. ५०००० आले तर मागच्या बूटपासून कधीतरी व्होल्टेज घसरले होते, ५०००५ आले तर आत्ताही घसरलेले आहे.

यावर उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. दोन अडीच इंची डिस्कसाठी ५ व्होल्ट, निदान ३ अँपिअर, आणि जमल्यास ४. काही हब मात्र उलटा प्रवाह सर्व्हरच्या बोर्डात सोडतात. ओळखायची खूण सोपी आहे : बोर्डाचा स्वतःचा अडॅप्टर काढल्यावरही त्याचा लाल दिवा मंद जळत राहतो. असा हब वापरू नये, बोर्ड अर्धवट चालू राहून नंतर नीट सुरूच होत नाही.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि फिरायला सुरुवात करताना ती सुमारे २ अँपिअर मागते. काही वर्षांनी अडॅप्टरमधले कपॅसिटर दमतात. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट चोख दिसतात, कारण तेव्हा भार नसतो. डिस्क जोडल्यावर मात्र घरघर सुरू होते, ‘टक्’ असा आवाज येतो, फिरणे थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून घरघर. हा आवाज ऐकून अनेक जण डिस्क फेकून देतात. त्याआधी तितक्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनचे धन-ऋण जुळणारा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा.

केबल अर्ध्या मीटरपर्यंतची बरी. लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेजही गळते. डिस्ककडच्या टोकाला यूएसबी मीटर लावून डिस्क फिरताना ४.७५ व्होल्टच्या खाली आकडा जात असेल, तर केबल बाद. पोर्टेबल डिस्कचा तो रुंद, चपटा मायक्रो-बी कनेक्टर फार नाजूक असतो. डिस्क चालू असताना प्लग हलकेच हलवला आणि लॉगमध्ये ओळ उमटली, की आणखी शोधायला नको (हा प्रयोग डिस्कवर काही लिहिले जात नसताना करावा). केबलचा आणखी एक पडताळा : तीच डिस्क यूएसबी २.० पोर्टला लावावी. तिथे हळू पण तासन्‌तास बिनबोभाट चालली, तर दोष ३.० च्या वेगवान सिग्नलमध्ये, म्हणजे बहुतेक केबलमध्येच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट, अडॅप्टर एकदम बदलले तर बिघाड थांबतो, पण कशामुळे ते कळत नाही आणि खराब केबल पुन्हा खणात जाऊन बसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्मार्ट अहवालातला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ क्रमांकाचा सीआरसी, म्हणजे डेटा पाठवतानाच्या चुकांचा, आकडा पाहून लोक यूएसबी केबल बदलतात. तो आकडा केसिंगच्या आत, डिस्क आणि ब्रिज चिप यांच्या साटा जोडणीचा आहे. यूएसबी केबल कितीही वाईट असली तरी तो हलत नाही. शिवाय तो कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का, एवढेच पाहावे.

वीज आणि केबल निर्दोष ठरूनही रीसेट येत असतील तर ‘यूएएस’कडे वळावे. ‘एलएसयूएसबी -टी’ मध्ये डिस्कसमोर ‘ड्रायव्हर=यूएएस’ दिसेल. ही एकाच वेळी अनेक मागण्या पाठवणारी वेगवान पद्धत, पण काही ब्रिज चिपना ती जड भार पडल्यावर झेपत नाही. ‘एलएसयूएसबी’मधून चिपचे दोन ओळख क्रमांक घ्यावेत आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बूट ओळीत ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ नंतर पहिला क्रमांक, अपूर्णविराम (कोलन), दुसरा क्रमांक, अपूर्णविराम आणि ‘यू’ लिहावे. जेमायक्रॉनच्या एका प्रचलित चिपसाठी ते १५२डी:०५७८:यू असे होते. रास्पबेरी पायवर हे ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये जाते, आणि तिथे सगळे एकाच ओळीत राहिले पाहिजे. रीबूटनंतर ‘ड्रायव्हर=यूएसबी-स्टोरेज’ दिसले की झाले. फिरत्या डिस्कवर वेगातला फरक फारसा जाणवत नाही, एसएसडीवर जाणवतो.

हे सगळे होईपर्यंत फाइल सिस्टिम दुरुस्त करणारा ‘एफएससीके’ चालवू नये. बहुतेक जण नेमकी तिथून सुरुवात करतात. जोडणीच तुटत असताना दुरुस्तीचे लेखन अर्धवट राहिले, तर होता तो गोंधळ वाढतो.

माउंट करतानाही, म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरला जोडतानाही, एक सापळा आहे. डिस्क आली नाही तरी बॅकअपचा प्रोग्राम त्याच फोल्डरमध्ये लिहीत राहतो, आणि ते लेखन सर्व्हरच्या छोट्या सिस्टिम कार्डावर साचून ते भरून जाते. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचएटीटीआर +आय’ लावून कुलूप घालावे. मग डिस्क नसली की प्रोग्राम त्रुटी देऊन थांबतो. कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये डिस्कचे नाव न घालता यूयूआयडी (तिचा न बदलणारा ओळख क्रमांक) द्यावा आणि ‘नोफेल’ जोडावे, म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होतो.

डिस्क खरोखर जात असेल तर स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ हे खराब सेक्टरांचे आकडे वाढतात. केसिंगमधून अहवाल वाचताना ‘स्मार्टसीटीएल’ला ‘-डी सॅट’ जोडावे लागते. लांब चाचणीला ४ टेराबाइटसाठी दहा तास सहज लागतात, आणि काही केसिंग मध्येच झोपून चाचणी तोडतात. तेवढा वेळ दर मिनिटाला डिस्कवरून एखादा सेक्टर वाचत राहावा. १९७ वाढता दिसला तर चाचणीही नको, आधी ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी. आणि डबी फोडून डिस्क थेट साटाला जोडू, या भरवशावर राहू नये : अनेक अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी कनेक्टर डिस्कच्या सर्किटवरच सोल्डर केलेला असतो, आत साटाचा कनेक्टर नसतोच.

आपला,
एक नियमित वाचक