ग्रामसभेच्या ठरावाला उत्तर कोण देणार? ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी खटाव तालुक्यातील एका लहान गावाचा मतदार आहे. आमच्या तालुक्याचे ठिकाण वडूज. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथील मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी पुढारी येतात, फुले वाहतात, भाषणे करतात. त्या माणसांना नेमके काय मिळवायचे होते आणि त्यातले आमच्या गावापर्यंत किती पोचले, याविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

त्या मोर्चाच्या महिनाभर आधी, ८ ऑगस्टला, मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला. इंग्रजांनी चालते व्हावे एवढीच मागणी त्यात नव्हती. शेतात, कारखान्यात आणि इतरत्र राबणाऱ्या माणसांचे कल्याण हे स्वतंत्र भारताच्या सरकारच्या मुख्य कामांपैकी एक राहील आणि सर्व सत्ता व अधिकार मुळात त्यांच्याकडेच असले पाहिजेत, असे वचन त्या ठरावाने दिले होते. सातारा जिल्ह्याने हे वचन अक्षरशः खरे मानले. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालवले. जमिनीचे व सावकारीचे तंटे गावातच न्यायमंडळापुढे मिटू लागले आणि कमी खर्चाची गांधी लग्ने लागू लागली. त्या सरकारच्या शिक्षा कठोर होत्या आणि काही वेळा अन्यायही झाला, हे मी नाकारत नाही. पण आपला निवाडा आपल्या पारावर होऊ शकतो, हा अनुभव इथल्या माणसाने तेव्हा प्रथमच घेतला.

त्याच्याही आधी, १९३९ साली, औंधच्या राजाने आपला अधिकार प्रजेच्या स्वाधीन केला होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने जी राज्यघटना तयार केली, तिचा पाया गावपंचायत हा होता. आज औंध आमच्याच तालुक्यात आहे. लोक यमाईच्या दर्शनाला आणि संग्रहालय पाहायला येतात. या राज्यघटनेविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते, याचे मला वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतर हे वचन कागदावर वेळोवेळी आले. भारताच्या राज्यघटनेच्या मूळ मसुद्यात गावपंचायतीला स्थान नव्हते. त्यावर टीका झाली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये गावपंचायतींविषयीचा अनुच्छेद ४० घालण्यात आला, तोही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे ज्यांची अंमलबजावणी न्यायालयात मागता येत नाही अशा भागात. त्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याविषयी फार कठोर शब्द वापरले होते. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले जात होते, त्याने गावाच्या हाती सत्ता देण्याची भीती बाळगणे स्वाभाविक होते, आणि ती भीती आजही पूर्ण निराधार नाही. परंतु १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठी जागा राखून त्या भीतीला निदान अर्धे उत्तर दिले. महाराष्ट्राने तर २०११ मध्ये महिलांचे आरक्षण निम्म्यावर नेले. उरलेले अर्धे उत्तर खुल्या, भरलेल्या ग्रामसभेतूनच मिळू शकते. निवडून आलेल्या सदस्यांच्या जागी सरकारी प्रशासक नेमून ते मिळणार नाही.

प्रशासकाचा विषय काढतो, कारण तो फार ताजा आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे अनुच्छेद २४३-ई सांगतो. तरीही २०२२ च्या मार्चमध्ये आमच्या सातारा जिल्हा परिषदेसह राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तेथे प्रशासक बसले. ओबीसी आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात होते हे खरे; पण ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावावे लागले, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. विधानसभेची निवडणूक तीन वर्षे रखडली असती, तर आपण ते चालवून घेतले असते का?

आता आमच्या ग्रामसभेचे सांगतो. झेंडावंदन होते, जिलेबी वाटली जाते आणि माणसे पांगतात. गणपूर्तीसाठी शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, यांपैकी कमी असेल तितके लागतात. तेवढे जमत नाहीत, म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पुढच्या वेळी पंधरा-वीस जणांत सगळे विषय मंजूर होतात आणि शिपाई रजिस्टर घेऊन सह्यांसाठी घरोघर फिरतो. मागे एका सभेत एका बाईंनी उठून विचारले, की पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (पाणी व स्वच्छतेसाठीच राखलेल्या) निधीतून आमच्या वस्तीच्या पाण्याचे काम का धरले नाही? आराखडा वर गेला आहे, आता बदल होत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या आराखड्याचे नाव ‘आमचं गाव, आमचा विकास’ असे आहे. त्या बाई नंतरच्या सभांना आल्या नाहीत. लोक उदासीन आहेत असा अहवाल मुंबईला जात असेल, तर आपण ही एक गोष्ट लक्षात ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

एकदा मात्र सभागृह भरले होते. येरळेच्या पात्रातील वाळूउपशाविरुद्ध ठराव होता. विहिरींचे पाणी खाली चालल्याने सगळा गाव आला आणि एकमुखाने ठराव झाला. संबंधित कार्यालयाने प्रतीवर आवक शिक्का मारून दिला. त्याला दोन वर्षे झाली. मंजुरी नाही, नकार नाही, साधे पोचपत्रसुद्धा नाही.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले आणि सर्वसहमतीने निर्णय घेत २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. त्या गावाच्या शब्दाला वजन आले, कारण वनहक्क कायद्याने ग्रामसभेला नेमका अधिकार दिला होता. बिगर आदिवासी गावांतील ग्रामसभेच्या पाठीशी असा कोणता अधिकार आहे, हे आपणच सांगावे.

मुदत संपलेल्या संस्थेवर प्रशासक ठेवण्याला कायद्यानेच कडक मर्यादा घालावी आणि तहकूब सभेलाही किमान उपस्थितीची अट लावावी. मात्र माझा खरा आग्रह तिसऱ्या गोष्टीसाठी आहे. ग्रामसभेचा ठराव ज्या कार्यालयाकडे जाईल, त्याने तीस दिवसांत सकारण लेखी उत्तर दिलेच पाहिजे आणि ते उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजे, अशी तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात करावी. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. कारणे समजली तर गाव त्यावर पुन्हा बसून विचार करील. या मागणीवर आपले काय म्हणणे आहे ते लेखी कळवावे. ते आम्ही येत्या ग्रामसभेत सर्वांसमोर वाचू.

आपला नम्र,
खटाव तालुक्यातील एक मतदार