चर्चगेटचं चर्च नेमकं कुठलं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

वीसेक वर्षं रोज बोरिवली-चर्चगेट करतोय, पण चर्चगेट म्हणजे कुठल्या चर्चचं गेट हे मला परवापर्यंत धड माहीत नव्हतं, हे लिहायलाही लाज वाटतेय. परवा फोर्टमध्ये बँकेच्या कामाला गेलो होतो, अचानक पाऊस आला म्हणून हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये शिरलो आणि तासभर तिथेच रमलो.

म्हणजे बघा, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने १६७६ साली, शिवाजी महाराज हयात असताना, ह्या चर्चचा पाया घातला. पुढच्याच वर्षी तो वारला आणि काम जे रखडलं ते चाळीसेक वर्षं तसंच, अर्धवट भिंती उभ्या! (आपल्या मुंबईची प्रोजेक्टं तेव्हापासूनच अशी.) शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रीने नेट लावला आणि १७१८च्या नाताळला चर्च उघडलं. मुंबईतलं पहिलं अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचं) चर्च हेच. कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं ते मात्र १८३७ साली.

तेव्हा शहराला कोट होता, त्याचे तीन दरवाजे: अपोलो गेट, बाजार गेट आणि ह्या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं चर्च गेट. १८६०च्या दशकात कोट पाडला, गेट गेलं आणि नाव तेवढं स्टेशनला चिकटून राहिलं, तेही चर्चपासून चांगलं पंधरा मिनिटं चालत! शहरातले जुने मैलाचे दगडसुद्धा ह्याच चर्चपासून मोजलेले, रोमन आकडे कोरलेले. त्यातले कितीतरी फुटपाथखाली गाडले गेले होते.

आत भिंतीभर संगमरवरी स्मारकं आहेत, बरीचशी तरुणपणीच गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते गव्हर्नर जोनाथन डंकनचं. बनारस आणि काठेवाडात नवजात मुलींना मारायची प्रथा त्याने बंद करवली, असं दगडात कोरलंय. साहेबाचं राज्य काही आपल्या भल्यासाठी नव्हतं हे खरंच, पण ते वाचून दोन मिनिटं थबकलो.

२००४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळालाय ह्या वास्तूला. आणि चर्चगेट स्टेशनवर मी परत येताना मुद्दाम शोधलं, सगळीकडे जाहिराती, पण हे नाव कुठून आलं ते सांगणारी एक ओळ मला तरी दिसली नाही. रेल्वेने एक मराठी बोर्ड लावावा, चर्चकडे कसं जायचं त्याचा बाण दाखवून. एवढंच म्हणणं आहे.

– एक रोजचा प्रवासी, बोरिवली