ज्यांनी मला स्वतः वाजवू दिले, त्या काकांस

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. तुमचे नाव कुठेही लिहायचे नाही, असे तुम्ही मला दोनदा बजावले आहे, म्हणून या पत्रात तुम्ही फक्त काका आहात. पत्र मात्र मी उघड लिहीत आहे, कारण दुरुस्तीचे पैसे देताना जे बोलायचे होते ते त्या दिवशी घशातच राहिले. त्याला तीन आठवडे होऊन गेले, तरी संध्याकाळी गिटार हातात घेतली की ते पुन्हा वर येते.

सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या तुमच्या त्या अरुंद खोलीत मी आले तेव्हा माझ्या पिशवीत एक बंद पडलेले डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारच्या वायरीत मध्ये जोडून पायाने चालवायचा, आवाज खरखरीत करणारा डबा, होते आणि मनात बरीचशी लाज होती. मी ४४ वर्षांची आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब पाहते. दीड वर्षापूर्वी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज वाढवणारा १० वॉटचा सरावाचा अँप घेतला. रात्री सगळी कामे उरकली की अभंगांच्या आणि भावगीतांच्या चाली एकेका स्वराने, सावकाश वाजवत बसते. तारेतून निघालेला स्वर फार लवकर संपतो, त्याच्या मागे थोडी जागा असावी, असे मला सारखे वाटे. पण त्या वाटण्याला काय म्हणतात, हे ठाऊक नव्हते. भिशीचे ५,००० रुपये हाती आले तेव्हा पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठले.

तिथल्या एका दुकानात पहिलाच प्रश्न आला, "मुलासाठी बघताय का?" स्वतःसाठी, असे सांगितल्यावर विक्रेत्याने भिंतीवरची गिटार काढून स्वतःच्या गळ्यात अडकवली, पेडलवर पाय दिला आणि इतक्या वेगाने वाजवले की दुकानातले दोन मुलगे थांबून पाहू लागले. "ऐकलंत ना? हेच घ्या, सगळे पहिलं हेच घेतात," असे तो म्हणाला. मला एकदा वाजवून पाहता येईल का, असे विचारले, तर त्याने हसून गिटार पुन्हा भिंतीला टांगली. सोबत एक अडॅप्टर दिला. तो याच पेडलचा आहे ना, असे मी विचारले, त्यावर "नऊ व्होल्ट म्हणजे नऊ व्होल्ट" एवढेच उत्तर मिळाले. घरी येऊन जोडले आणि पेडलचा दिवा एकदाही लागला नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमच्याकडूनच जळालं असेल, आधी वाजवायला शिका, मग पेडल घ्या." हे वाक्य मी कितीतरी दिवस उराशी घेऊन हिंडत होते. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने तुमचा पत्ता दिला नसता, तर गिटारही विकून टाकली असती.

तुम्ही अडॅप्टर हातात घेतलात आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यावरची बारीक खूण मला दाखवलीत. दोन गोलांच्या मध्ये एक ठिपका, आणि त्या ठिपक्याला जोडलेल्या गोलात अधिकचे चिन्ह. मग पेडलच्या पाठीवरची तीच खूण दाखवलीत. तिथे ठिपक्याला जोडलेल्या गोलात उणे होते. बहुतेक गिटार पेडलांना पिनेच्या मध्यभागी ऋण टोक लागते, आणि मला दिलेला अडॅप्टर दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा होता. उलटी वीज आत शिरली तेव्हा तोंडाशी असलेल्या एका डायोडने (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) ती स्वतःवर घेतली, तो मेला आणि मागचे सगळे सर्किट वाचले. तो डायोड तुम्ही बदललात. डाग देताना राळेचा धूर निघाला, पाच मिनिटांत दिवा लागला, आणि घेतलेत किती, तर चहापाण्याला पुरतील इतके. याबद्दल मी ऋणी आहेच, पण मला लिहायचे आहे ते त्यानंतर जे घडले त्याविषयी.

पेडल सुरू झाल्यावर तुम्ही ते स्वतः वाजवून पाहिले नाहीत. खोलीच्या कोपऱ्यातली तुमची जुनी गिटार पुसून माझ्या हातात दिलीत, पेडलचे तिन्ही नॉब मध्यावर आणलेत, म्हणजे पांढरी रेघ बरोबर बारा वाजल्यासारखी उभी केलीत, आणि म्हणालात, "तुमचं तुम्हीच वाजवा की ओ ताई. माझ्या हाताचा आवाज ऐकून तुम्हाला काय कळणार?" माझी बोटे थरथरत होती. तुम्ही ते पाहिले असणार. कारण मग स्टूल फिरवून तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत आणि कुणा बँडवाल्याच्या फाटलेल्या स्पीकरचा कागद चिकटवत बसलात. मी अडखळले, स्वर चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तुमची मान एकदाही वळली नाही. जवळजवळ अर्धा तास. मध्ये एक गिऱ्हाईक आले, तर त्यालाही तुम्ही हाताने खूण करून बाहेर थांबवलेत. ती फिरवलेली पाठ मी विसरू शकत नाही, काका. माझ्याकडे पाठ करून इतका आदर मला आजवर कुणी दिलेला नव्हता.

आपल्या चाटी गल्लीत चादर घ्यायला गेलेली बाई ती उलगडते, कड ओढून पाहते, पोत बोटांत चोळते, उजेडात धरते, आणि दुकानदार तोवर शांत बसून राहतो. चादर आपल्या अंगावर येणार आहे, त्याच्या नाही, हे त्याला कळते. वाद्यांच्या दुकानात हीच साधी गोष्ट का कळू नये? जो स्वतः उत्तम वाजवतो त्याच्या हातात बहुतेक पेडले गोडच लागतात. नवशिक्याला पाहायचे असते ते एवढेच, की आपल्याला येणाऱ्या दोन-तीन स्वरावली, आपल्या हाताच्या जोराने, आपल्या घरातल्या लहान अँपवर कशा ऐकू येतात. हे मी त्या अर्ध्या तासात शिकले आणि ते शिकवताना तुम्ही एक शब्दही बोलला नव्हता.

मी थांबले तेव्हाच तुम्ही वळलात आणि विचारलेत, "कसं वाटलं?" फार खरखरते, चाल हरवून जाते, असे मी भीत भीत सांगितले. माझी निवड चुकली, असे तुम्ही म्हणाला नाहीत. गेनचा, म्हणजे खरखर कमीजास्त करणारा, नॉब आठ वाजेपर्यंत मागे नेलात, आवाजाचा पुढे केलात आणि पुन्हा वाजवायला सांगितलेत. तेच पेडल, पण आता सुराच्या कडेला फक्त उबदार किनार आली होती. मग कपाटातून ओव्हरड्राइव्ह नावाचे दुसरे पेडल काढून दिलेत आणि दोन्हींतला फरक माझ्याच बोटांनी मला कळू दिलात: ओव्हरड्राइव्हवर हलक्या हाताने छेडले तर सूर बराचसा स्वच्छ राहतो आणि जोर दिला की खरखरू लागतो, तर डिस्टॉर्शन हलक्या हातालाही फारसे सोडत नाही.

त्या कपाटातले तुमचे बॉस कंपनीचे नारिंगी डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल मी हातात घेऊन पाहिले. कडांचा रंग उडाला आहे, पण स्विच अजून घट्ट. १९७८ साली आलेले हे पेडल आजही बनते, म्हणूनच जुने मिळाले तर धातूच्या डब्याचे आणि दुरुस्त होणारे घ्यावे, असे तुम्ही सांगितलेत. मग तुम्ही हेही सांगितलेत, की पेडलांतली ही सगळी खरखर जन्मली तीच मुळी एका बिघाडातून. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचे एक चॅनेल बिघडले, त्यातून गेलेला बास गिटारचा आवाज फाटला, तो फाटका आवाजच लोकांना आवडला, आणि तो मुद्दाम काढता यावा म्हणून १९६२ साली मायस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आले. आयुष्यभर बिघडलेली यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला फार बरे वाटले.

शेवटी तुम्ही डिले नावाचे पेडल लावून दिलेत. एक स्वर छेडला, तो संपला, आणि क्षणभराने मागून तोच स्वर थोडा मंद होऊन आला, मग आणखी मंद होऊन. मी वाजवायचे थांबवले. दीड वर्ष मी जी जागा शोधत होते ती हीच होती. माझ्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा तुम्ही पुन्हा स्पीकरकडे वळलात.

माझ्याकडे भिशीतले अजून थोडे पैसे आहेत, तर डिले आजच घेते, असे मी म्हटले. त्यावर तुम्ही तुमचे पेडल जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलेत. आठवडाभर घरी वाजवा, मग ठरवा, म्हणालात. नाव नाही, अनामत नाही, फोन नंबर नाही. याच पैशांत पाच-पन्नास आवाज असलेले एक मल्टी-इफेक्ट यंत्रही मिळते, हे तुम्हीच मला सांगितलेत. ज्याला आपल्याला काय हवे हे अजून ठरवायचे आहे त्याच्यासाठी ते चांगलेच आहे, त्यात तारा सुरात लावायला ट्यूनर असतो, हेडफोनही लागतो, पण ज्याला एकच आवाज हवा आहे त्याने त्या एकापाशी राहिलेले बरे, असेही म्हणालात. विकणाऱ्या कुणी मला माझ्या बाजूने असा विचार करून दिलेला नव्हता, आणि तुम्ही तर काही विकतही नव्हता.

आठ दिवसांनी तुमचे पेडल परत केले आणि तुम्ही सुचवलेल्या ऑर्केस्ट्रातल्या मुलाकडून २,८०० रुपयांना एक साधा, वापरलेला डिजिटल डिले घेतला. स्वतः वाजवून घेतला. डिस्टॉर्शन आधी आणि डिले नंतर, हा क्रम ठेवला आहे; उलटे जोडून पाहिले तेव्हा मागून येणारे सूर एकमेकांत कालवले गेले आणि तुमचे म्हणणे पटले. दोन्ही एकाच अडॅप्टरच्या दोन शेपट्यांवर चालवले तर बारीक चीं असा आवाज येई, म्हणून डिलेला त्याचा वेगळा अडॅप्टर आहे, आणि डिस्टॉर्शन मी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवते. निघताना तुम्ही दारापर्यंत येऊन सांगितले होतेत, की इनपुटमध्ये गिटारच्या वायरीची पिन राहिली तर पेडल बंद दिसले तरी बॅटरी संपत राहते. मी रोज झोपण्यापूर्वी पिन काढते. काढताना कट् असा आवाज येतो आणि तुमची आठवण होते.

ज्यांनी मला आधी शिकून यायला सांगितले, त्यांच्यावर माझा राग अजून आहे, तो लपवत नाही. शिकू पाहणाऱ्या माणसाला दारातून परत पाठवणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याची उमेद जाते आणि ती पुन्हा बाजारात मिळत नाही. या शहरात लग्नसराईत, गणपतीत, गड्ड्याच्या यात्रेत रात्र रात्र वाजणाऱ्या कितीतरी वाद्यांमागे तुमच्यासारखी माणसे बसलेली असतात, ज्यांच्या खोलीवर साधी पाटीही नसते. मी इतकी वर्षे त्या रस्त्याने गेले-आले, पण तिथे पाऊल ठेवले नव्हते, याचे मला वाईट वाटते.

काका, एक विनंती आहे. येत्या रविवारी संध्याकाळी काकूंना घेऊन आमच्या घरी या. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असेल. तुमच्या खोलीत अडखळत वाजवलेली ती चाल आता शेवटपर्यंत येते. तुम्ही समोर बसून ऐकावी, अशी इच्छा आहे. माझ्याकडे तोंड करून बसलात तरी आता चालेल.

तुमची ऋणी,
टॉवेल कारखान्यातली ताई
होटगी रस्ता, सोलापूर