संत्र्या मूळचा कुणाचा

गोरेगाव, मुंबई
६ मार्च २०२५

प्रिय बंड्या,

संत्रा बर्फीचा डबा मिळाला. आतली चिठ्ठीही मिळाली, "८० रनांचं दुख गोड करून घे." अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. तुम्ही विदर्भवाल्यांनी आम्हा मुंबईकरांना सेमीफायनलमध्ये ८० धावांनी हरवलंत, मग रविवारी केरळशी फायनल ड्रॉ करून पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा रणजी करंडक घरी नेलात, त्याबद्दल अभिनंदन. हे मनापासून आहे, पुढे जे लिहीन ते नसेल.

तुझे सगळे मेसेज पोचले होते. उत्तर दिलं नाही कारण ती बातमी तुला मेसेजवर सांगायची नव्हती, आणि फोनवर माझा आवाज टिकला नसता.

संत्र्या गेला. १९ फेब्रुवारीला, बुधवारी संध्याकाळी.

दिवाळीनंतर पाणी फार प्यायला लागला होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, किडनी चालल्यात म्हणाले. चौदाव्या वर्षी कुत्र्याला आणखी काय व्हायचं? औषधं, पथ्याचं खाणं, मधूनमधून सलाईन, असं करत जानेवारी निघाला. फेब्रुवारीत मात्र तो वाडग्याच्या काठावर हनुवटी टेकवून उभा राहायचा आणि पाणी प्यायचा नाही. तोंडाला तो विशिष्ट वास यायला लागला. आईने चिकनचं पाणी करून बोटाने चाटवलं (आमच्या आईने, जी अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवते), तर त्याने तोंड फिरवलं.

मंगळवारी दवाखान्यात तो टेबलावर सलाईन लावून पडला होता. मी एका हाताने त्याचा पंजा धरून दुसऱ्या हाताने सेमीफायनलचा स्कोअर बघत होतो. निर्दय वाटेल तुला, पण सलाईनला तासभर लागतो आणि त्या थेंबांकडे बघत बसवत नाही. तेवढ्यात तुझा मेसेज आला, "रेखडेची एक ओव्हर. रहाणे, सूर्या, दुबे. काहून बे, झोपला का?" एका ओव्हरमध्ये आमचे तिघे आऊट, आणि मी हसलो रे. खरंच हसलो. डॉक्टरांनी चमकून वर बघितलं. संत्र्याने कान हलवला, तेवढंच.

आता जुना वाद. नीट मांडून ठेवतो, म्हणजे तू एकतर्फी निकाल लावायला नको.

२०११ च्या पावसाळ्यात धरमपेठेतल्या आपल्या खोलीच्या जिन्याखाली ती कुत्री व्याली. बाकीची पिल्लं लोकांनी नेली, हे भगव्या रंगाचं, एक कान मोडका असलेलं तेवढं उरलं. नाव तू ठेवलंस, मान्य. पहिलं दूध मी पाजलं, हे तू कधी मान्य केलं नाहीस. तुझ्या प्लेटमधले तर्री पोहे त्याने पळवले आणि दिवसभर शिंकत फिरला, तेव्हा तू म्हणालास, "पक्का नागपूरकर होईल हा." मग २०१४ मध्ये माझी बदली झाली आणि मी त्याला विदर्भ एक्सप्रेसने घेऊन निघालो. गार्डच्या डब्यातल्या त्या लोखंडी पेटीत त्याला बसवताना तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वर्धा, बडनेरा, अकोला, प्रत्येक ठिकाणी मी स्टीलची वाटी घेऊन गाडीच्या शेपटापर्यंत धावत होतो. भुसावळला गार्डसाहेबच म्हणाले, "साहेब, झोपा आता. तो कधीचा झोपलाय."

आणि तू प्लॅटफॉर्मवरून काय ओरडला होतास? "मी एनओसी दिलेली नाही! खेळाडू पळवून नेतोयस!" खेळाडूला संघ बदलताना जुन्या संघाची परवानगी लागते, ती एनओसी.

पुढच्याच वर्षी आमचा मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडे खेळायला आला. तू लगेच फोन केलास, फिटलं म्हणून. संत्र्या गेला, जाफर आला. मी तेव्हाच म्हणालो होतो की या सौद्यात तुम्ही लुटलंत आम्हाला. २०१७-१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिला करंडक, पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून दुसरा, दुसऱ्या मोसमात जाफरच्या हजारावर धावा, आणि दोन्ही वेळा कोच आमचे चंद्रकांत पंडित. बियाणं मुंबईचं, पीक नागपूरचं. गुरबानीची हॅटट्रिक आणि सरवटेच्या ११ विकेट तुमच्या, तिथे हात जोडतो. पण तो सरवटेही यंदा केरळकडून खेळला आणि फायनलमध्ये तुमच्याविरुद्ध ७९ काढून गेला. त्याची एनओसी कुणी दिली रे?

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये तू पाच दिवस आमच्याकडे राहिलास, ते मला सारखं आठवतंय. वानखेडेवरची मुंबई-विदर्भ फायनल. शेवटच्या दिवशी सकाळी तुमचे वाडकर आणि हर्ष दुबे लंचपर्यंत हलले नाहीत. ५३८ चं लक्ष्य, कुणी स्वप्नातही धरलं नव्हतं, आणि तू हातातला वडापाव तसाच धरून बसला होतास. जागा बदलायची नाही, पाय हलवायचा नाही, मला मुतायलाही जाऊ दिलं नाहीस. वाडकर १०२ वर गेला आणि ३५३ ला ५ वरून ३६८ ला सगळे. आमच्या धवल कुलकर्णीचा शेवटचा सामना, आणि शेवटची विकेट त्यालाच. मी नाचलो. आमचा ४२ वा करंडक. लोकलमध्ये तू चर्चगेटपासून गोरेगावपर्यंत एक शब्द बोलला नाहीस.

घरी आलो तर संत्र्या उठला. पायऱ्यांचं सोड, तेव्हा तो दारापर्यंतही कुणासाठी येत नव्हता, मागचे पाय धरायचे. तो आला आणि तुझ्या बुटावर हनुवटी ठेवून पसरला. तू म्हणालास, "बघ, गावचा माणूस ओळखला." मी म्हणालो, "मुंबईकर आहे तो, हरलेल्याला पाणी विचारायची पद्धत आहे आमच्यात." बाबा म्हणाले, "त्याच्या बुटाला वड्याचा वास येतोय." तिघांपैकी बाबांचंच बरोबर असणार.

बुधवारी सकाळी तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन दिवस ओढता येतील, पण ते तुमच्यासाठी असतील, त्याच्यासाठी नाहीत. संध्याकाळी ते घरी आले. बाबांनी विचारलं, "त्याला कळेल का?" आधी झोपेचं इंजेक्शन देतात, मग दुसरं. डॉक्टरांनी अगोदरच सांगून ठेवलं होतं की डोळे मिटणार नाहीत, घाबरू नका. बरं झालं सांगितलं. त्याचं डोकं बाबांच्या पावलावर होतं आणि ते झाल्यावरही बाबांनी पाऊल बराच वेळ हलवलं नाही. मुंग्या आल्या असतील, पण हलवलं नाही.

रात्र त्याने घरातच काढली, खाली बर्फ घालून. सकाळी मालाडला महापालिकेचं दहनगृह आहे, पाइप गॅसवर चालतं, २०२३ मध्ये सुरू झालंय, तिथे नेलं. सोसायटीत दोघे-तिघे भेटायला आले. एकाने "कुत्राच होता, दुसरा आणा" असंही सांगितलं. त्याला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, आई वाचेल.

एक गोष्ट फक्त तुलाच सांगता येईल. त्याच बुधवारी मुंबईचे जुने कप्तान मिलिंद रेगे गेले. बाबांनी त्यांना खेळताना पाहिलेलं, ऑफस्पिन, कप्तानी, सगळं. तुमच्या जामठ्याच्या मैदानावर, सेमीफायनलमध्ये, आमची पोरं दंडाला काळ्या फिती लावून उतरली. त्या रेगेंसाठी होत्या, हे मला समजतं. पण रात्री हायलाइट्स बघताना त्यातली एक मी मनातल्या मनात उसनी घेतली. रेगेंनी हरकत घेतली नसती असं वाटतं. रागावलेच असते तर कुत्रा विदर्भातला म्हणून.

बाबा तेव्हा रडले नाहीत. सकाळी सहाला फिरायला निघायचे तसे निघतात, रस्ताही तोच. दूध केंद्रावरचा माणूस "आज एकटेच?" म्हणाला तर "हो, तो झोपलाय" म्हणून पुढे गेले. मला काळजी वाटत होती. मग या सोमवारी मुंबईचे जुने डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर गेल्याची बातमी आली. बाबा टीव्हीसमोर बसून १९७२-७३ ची चेपॉकची फायनल सांगायला लागले. तमिळनाडूविरुद्ध, पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५, तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना खलास. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. ५८९ विकेट आणि भारताची टोपी एकदाही नाही, इथपर्यंत आले, म्हणाले, "भारताच्या संघात बेदी होता ना, काय करणार," आणि एकदम रडायला लागले. हमसून. शिवलकरांसाठी इतकं? आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आईने टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे त्यांना मोकळेपणाने रडता येईल. आता थोडे बरे आहेत. काल जेवताना पहिल्यांदा संत्र्याचं नाव घेतलं.

तर तू आता हे वाचून गप्प बसू नकोस. "सॉरी यार, तेव्हा मी चिडवत होतो" असलं काही पाठवलंस तर खरंच भांडीन. त्या आठवड्यात बाकी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. तू एकटाच नेहमीसारखा बोंबलत होतास.

दोन कामं कर. धरमपेठेच्या जिन्यावरचा त्याचा फोटो, तुझ्या पॅडमध्ये बसलेला, तो तुझ्या जुन्या फोनमध्ये असेल तर काढून पाठव. माझ्याकडे नाही आणि बाबांना हवाय. आणि मे महिन्यात वहिनींना, पोरांना घेऊन ये. संत्र्याची थोडी राख ठेवलीय. अंबाझरी तलावाच्या कडेला टाकायची म्हणतोस तर घेऊन जा, एनओसी मी देतो. अर्धीच मिळेल, अर्धी इथल्या गुलमोहराखाली घातली आहे.

बर्फी संपली. बाबांनी चार खाल्ल्या, शुगर असून. पुढच्या मोसमात आमचा आकाश आनंद तुम्हाला पुन्हा शतक ठोकेल आणि या वेळी समोर कुणीतरी टिकेलही. ४०६ चा पाठलाग करताना ३२५ काढले होते आम्ही, जामठ्याच्या पाचव्या दिवशीच्या पिचवर. हर्ष दुबेच्या मोसमातल्या ६९ विकेट वजा कर, मग बोलू.

तुझा,
मुंबईकर

ता. क. : चिठ्ठीत 'दुःख' मधला विसर्ग विसरलास. करंडक जिंकून शुद्धलेखन येत नाही.