डबीवरचा मजकूरही वाचू द्या

वाघनखे लंडनला परत पाठवूच नयेत, असे सुचवणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. भावना समजते; पण ती ज्याच्या संग्रहातली, त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला १९८३च्या ब्रिटिश कायद्यामुळे संग्रहातली वस्तू सहसा देऊन टाकता येत नाही. म्हणूनच २०२४मध्ये ती साताऱ्यात आली, ती तीन वर्षांच्या बोलीवर.

माझे म्हणणे वेगळे आहे. वाघनखांच्या डबीवर इंग्रजीत लिहिले आहे की, शिवाजी महाराजांनी याच शस्त्राने 'मोगल सेनापती' मारला आणि पुढे ते साताऱ्याचा रेसिडेंट (इंग्रजांचा प्रतिनिधी) ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने दिले. अफजलखान मोगलांचा नव्हे, आदिलशाहीचा सरदार, हे आपल्याकडे चौथीतले पोरही सांगेल! महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याचा पुरावा नसल्याचे ते म्युझियमही मान्य करते.

वाघनखे जिथे जिथे मांडली जातील, तिथे ही चूक आणि ही शंका फलकावर ठळक मराठीत लिहावी. त्याने महाराजांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. काचेपुढे हात जोडून पुढे सरकणाऱ्या मुलाला निदान वाचायला तरी काही मिळावे.

– एक वाचक, सातारा