तलावपाळीवरच्या त्या तिघांना

मी बंगळुरूला, आई-बाबा ठाण्यात चरईला, दोघंच. रोज रात्री व्हिडिओ कॉल असतो, पण 'सगळं ठीक आहे' यापलीकडे बाबा काही सांगत नाहीत. म्हणूनच मंगळवारी सकाळी सव्वासातला अनोळखी नंबर दिसला आणि पोटात गोळा आला.

मासुंदा तलावाला फेरी मारताना कौपिनेश्वर मंदिराजवळ बाबांना घेरी आली होती. हार विकणाऱ्या मावशींनी टोपली बाजूला सारून त्यांना स्वतःच्या स्टुलावर बसवलं, पदराने वारा घातला. एका मुलाने बाबांच्या खिशातली, आईच्या अक्षरातली चिठ्ठी शोधून मला फोन लावला. "घ्या, काका बोलतायत," म्हणत फोन त्यांच्या कानाशी धरला. तो आवाज ऐकेपर्यंत माझा श्वास अडकला होता. रिक्षावाल्या दादांनी बाबांना घरी आणलं, हात धरून दोन जिने चढवले, पैसे घेतले नाहीत.

साखर उतरली होती. आता बरे आहेत. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबरही आता त्या चिठ्ठीवर आहे.

संध्याकाळी त्या मुलाला परत फोन केला, तर नाव न सांगता "त्यात काय, ताई" म्हणाला. खूप काही आहे रे त्यात. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. पुढच्या महिन्यात ठाण्याला येतेय, मावशींना भेटायला नक्की येईन.