कॅम्परमधले सांडपाणी जाते कुठे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील ‘दोन दिवस चाकांवरच्या घरात’ हा अमेरिकेतील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानावरील लेख वाचला. लेखाची भाषा प्रसन्न आहे आणि उद्यानाची स्थापना १९१५ सालची हे लेखकाने बरोबर दिले आहे, याबद्दल त्यांचे अभिनंदन करून मी मूळ मुद्द्याकडे वळतो. ‘मन मानेल तिथे थांबा, मन मानेल तेव्हा निघा’ हे वाक्य लेखात तीनदा आले आहे. लेखक ज्या उद्यानात गेले, तिथेच आम्ही उभयता गेल्या ऑगस्टच्या अखेरीस मुलगी-जावयासह २८ फुटी कॅम्पर, म्हणजे चाकांवरचे घर, घेऊन दोन रात्री राहिलो होतो. तिथे मन मानेल तिथे थांबता येत नाही. जावईबापूंनी सहा महिने आधी पहाटे उठून ग्लेशियर बेसिन या मुक्कामाच्या तळावरची क्रमांक दिलेली जागा राखून ठेवली, म्हणून आम्हाला पाठ टेकता आली. जनरेटरसुद्धा सकाळी आणि संध्याकाळी ठरवून दिलेले काही तासच चालवता येतो.

पण हे किरकोळ. ज्या गोष्टीचा लेखात चकार शब्द नाही, ती आमच्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता समोर आली. कॅम्परच्या पोटाखाली वापरलेल्या पाण्याच्या दोन टाक्या असतात. एक मैल्याची आणि दुसरी न्हाणी व मोरीच्या सांडपाण्याची. आम्ही पुणेकर. नळ सोडून भांडी विसळण्याची सवय साता समुद्रापलीकडेही सुटत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी रात्री वरण-भाताची भांडी नेहमीच्या शिस्तीने तीन पाण्यांतून काढली, आणि सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा न्हाणीच्या तळाशी घोटाभर पिवळे पाणी साचलेले होते व त्यात भाताची शिते तरंगत होती. टाकी भरली होती आणि पाणी आल्या वाटेने परत वर आले होते. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात फुगवट्याची, म्हणजे अडलेले पाणी मागे किती चढते याची, गणिते केलेल्या माणसाला हे आदल्या रात्रीच सुचायला हवे होते, हे मी मान्य करतो.

त्यानंतरचा पाऊण तास मी रबरी हातमोजे घालून डम्प स्टेशनवर, म्हणजे या टाक्या रिकाम्या करण्याच्या ठरलेल्या जागी, काढला. आधी मैल्याच्या टाकीची झडप उघडायची, ती पूर्ण रिकामी झाली की मग सांडपाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने पहिल्याचा पाइप धुऊन निघतो. हा क्रम जावयाने मला दोनदा समजावून सांगितला. जोडणीचा कोपरा पारदर्शक असतो, त्यामुळे आतून काय जाते आहे हे न बघण्याची सोय नाही. मागे चार गाड्या रांगेत उभ्या होत्या, पण कोणी भोंगा वाजवला नाही. सासऱ्याने जावयासमोर याहून अधिक नम्र होण्याची वेळ कोणावर येऊ नये. लेखकांनी दोन दिवसांत ही टाकी एकदाही डम्प स्टेशनवर रिकामी केली नसेल, तर त्यांनी ती कुठे केली, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

हा प्रश्न मी थट्टेने विचारत नाही. त्याच उद्यानात मिल्नर पास नावाची खिंड आहे. तिच्या एका अंगाला पडलेला पाऊस अखेर अटलांटिककडे जातो आणि दुसऱ्या अंगाचा कोलोराडो नदीतून पॅसिफिकच्या दिशेने. महाबळेश्वरचे पाणी कृष्णेतून पूर्वेला आणि सावित्रीतून पश्चिमेला जाते, तसेच. शिवाय या डोंगराच्या पोटातून १३.१ मैलांचा बोगदा खणून पश्चिमेचे पाणी पूर्वेकडे वळवले आहे आणि १९४७ सालापासून ते वाहते आहे. आपल्या कोयनेचे पाणी वीजनिर्मिती करून वाशिष्ठीत उतरते, त्याच्या बरोबर उलट दिशेचा हा प्रकार. लेखकांनी खिंडीवर सेल्फी घेतल्याचे लिहिले आहे, पाण्याचे नाही.

लेखाच्या शेवटी ‘आपल्या सह्याद्रीतही हे का होऊ नये’ असा सवाल आहे. होते आहे, महोदय. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्येच आले. गेल्या मे महिन्यात पानशेतच्या फुगवट्याच्या काठी मी अशीच एक गाडी पाहिली. सकाळी चालकाने खाली वाकून तोटी उघडली आणि साबणाचे करडे पाणी उतारावरून जलाशयाकडे धावू लागले. मी हटकल्यावर तो अगदी सभ्यपणे म्हणाला, “काका, नुसतं भांड्यांचं पाणी आहे, पाऊस आला की वाहून जाईल.” वाहून कुठे जाईल, असे मी विचारले. त्याला उत्तर सुचले नाही. ते पाणी खडकवासल्यात येते आणि तिथून आपल्या नळाला. मोजे नाहीत, पाइप नाही, रांग नाही. मन मानेल तिथे!

जाता जाता आणखी दोन गोष्टी. लेखासोबत छापलेले भव्य छायाचित्र ‘रॉकी माउंटनमधील शिखर’ नसून कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानातल्या हाफ डोमचे आहे. अर्धा कापलेला तो घुमट जगात दुसरीकडे नाही. पूर्वी आपल्या दैनिकात असे होत नसे.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. ‘चढताना जुन्या फॉल रिव्हर रोडनेच कॅम्पर न्या’ असा सल्ला लेखात दिला आहे. तो रस्ता कच्चा, अरुंद आणि फक्त वर जाण्यासाठी एकेरी असून २५ फुटांपेक्षा लांब वाहनांना त्यावर बंदी आहे. मोठ्या गाडीने ट्रेल रिज रोडने जावे. तो पक्का आहे आणि १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर. याची दुरुस्ती कृपया येत्या रविवारीच छापावी. आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी आपल्या लेखाचे कात्रण काढून ठेवले आहे आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी ३० फुटी गाडीचे आगाऊ पैसेही भरले आहेत. मी त्यांना सांगून पाहिले, पण पेपरात छापून आले आहे असे ते म्हणतात.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
सिंहगड रस्ता, पुणे